रक्तातून मार्कर शोधायचा तर आधी गाडी बघा

प्लाझ्मातली (रक्तपेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातली) प्रथिनं तपासून आजाराचा नवा मार्कर, म्हणजे आजार ओळखायची खूण, शोधायचा म्हटलं, की पोरं थेट मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या मशीनचं, विचारतात. मी आधी विचारते, रक्त कुठून आणि किती वेळात येणार?

कारण आम्ही तिथेच फसलो. सिकलसेलच्या पेशंटचं रक्त सातपुड्यातल्या धडगावहून आणलं, निरोगी लोकांचं जळगावातच घेतलं. पेशंटमध्ये प्लेटलेट फॅक्टर ४ (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींच्या आतलं प्रथिन) भरपूर वाढलेला दिसला. आठवडाभर हवेत होतो. मग ड्रायव्हरदादा सहज बोलले, "ताई, गाडी घाटमा भलती हालनी." प्लाझ्मा वेगळा न करता रक्त तसंच हिंदकळत राहिलं, की प्लेटलेट आतला माल बाहेर सोडतात. आमचा मार्कर आजाराचा की चांदसैली घाटाचा, हे सांगायची सोयच उरली नाही.

म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र, गावातच न्या. संमतीपत्र पावरी-भिलीत समजावून सांगणारं माणूस सोबत हवं. जांभळ्या बुचाची ईडीटीए ट्यूब (त्यात रक्त गोठत नाही) हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, शक्यतो अर्ध्या तासात फिरवा. वरचा प्लाझ्मा काढून पुन्हा एकदा फिरवा, उरलेल्या प्लेटलेट खाली बसतात. तळाचे थेंब ओढायचा मोह नको. छोट्या ट्यूबमध्ये वाटून लगेच ड्राय आइसवर, मग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात, नुसत्या थर्माकोलच्या डब्याचा काय भरवसा! आणि पेशंट असो की निरोगी, रक्त एकाच गावातून, एकाच गाडीने.

प्लाझ्मा गुलाबी दिसला तर वहीत लिहा. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी शरीरातच फुटतात, तेव्हा हॅप्टोग्लोबिन (सांडलेलं हिमोग्लोबिन धरून ठेवणारं प्रथिन) घटतं. ट्यूबमध्ये फुटल्या तर घटत नाही. हा फरक आम्हाला फार कामी आला.

पुढचं तसं ठरलेलं. प्लाझ्मातल्या प्रथिनांत अल्ब्युमिन एकटंच निम्म्याहून जास्त जागा अडवतं. ते आणि तसली मुबलक प्रथिनं कॉलममधून (ती धरून ठेवणाऱ्या नळीतून) काढून टाका. उरलेल्या प्रथिनांचे ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने) ३७ अंशांवर रात्रभर तुकडे करा. मशीनवर आधी सगळे पेशंट, मग सगळे निरोगी असं लावू नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा.

१००० प्रथिनं ताडून पाहिली, तर ०.०५ च्या कसोटीवर (म्हणजे शंभरात पाच वेळा चूक चालवून घेतली तर) ५० च्या आसपास निव्वळ योगायोगाने 'सापडतात'. हा योगायोग वगळायची आकडेमोडीतली दुरुस्ती केल्यावर यादी चार-पाचावर आली तरी रडू नका. उरलेली एलायझाने (एकेक प्रथिन अँटिबॉडीने मोजणाऱ्या चाचणीने) तपासा, पण नव्या माणसांच्या रक्तात. आमची ती फेरी आता शिरपूरच्या बाजूला चाललीय. सेंट्रिफ्यूज मागच्या सीटवर, पट्टा बांधून.