लढाईच्या गावाहून येणारं वर्षाखेरचं पत्र कसं लिहावं

माझी लेक आणि जावई गेली नऊ वर्षं लेबनॉनमध्ये, बेका खोऱ्यात, झाहले गावाजवळ सेवेला आहेत. सीरियातून जीव वाचवून आलेल्या लोकांच्या तंबूवस्तीतली मुलं त्यांच्या छोट्याशा शाळेत येतात. दर डिसेंबरला त्यांचं वर्षाखेरचं पत्र आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांना, येतं. येतं म्हणजे काय, तर लेक रात्री मुलं झोपल्यावर फोनवर तुकड्यातुकड्यांनी बोलून पाठवते, मी गुरुवार पेठेतल्या घरी बसून ते कागदावर उतरवते, पाळकसाहेब एकदा नजरेखालून घालतात आणि मग ऐंशी झेरॉक्स निघतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ते मोठ्यानं वाचायचं कामही माझ्याकडेच आहे. यंदा मंडळीतल्या तीन घरांनी मला विचारलं की अशी चिठ्ठी कशी लिहायची. त्यांचीही मुलं लांब, अशांत मुलखात सेवा करताहेत. म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे डिसेंबरमध्ये लिहायला बसू नका. जानेवारीतच एक दोनशे पानी वही घ्या. मी दर रविवारी संध्याकाळी लेकीला फोन करते. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, म्हणजे माझा संध्याकाळचा चहा होतो तेव्हा त्यांचं दुपारचं जेवण चाललेलं असतं. फोन ठेवला की वहीत तारीख टाकते आणि दोनच ओळी लिहिते: तिनं या आठवड्यात डोळ्यांनी काय पाहिलं आणि कुणी तिला काय म्हटलं. बाकी काही नाही. वर्षाच्या शेवटी आठवायला बसलं की फक्त बॉम्ब आणि चमत्कार आठवतात, मधलं सगळं आयुष्य गळून जातं. माझ्या वहीत २०२४ च्या फेब्रुवारीची नोंद आहे: "बर्फाच्या वजनानं तीन तंबूंची ताडपत्री फाटली. सोबियात घालायला डिझेल नाही, लोक जुने बूट जाळतात. मुलांच्या स्वेटरला रबराच्या धुराचा वास येतो." सोबिया म्हणजे तिकडची डिझेलवर चालणारी शेगडी. डिसेंबरमध्ये लेकीला ही गोष्ट आठवतही नव्हती. पण वाचून झाल्यावर आमच्या मंडळीतले लोक मला ज्या ओळीबद्दल विचारत राहिले, ती हीच, रबराच्या वासाची.

मग ऐकणाऱ्याला ती जागा दाखवा. आमच्या इथल्या एक आजी बरीच वर्षं लेबनॉन आणि लिबिया एकच समजून प्रार्थना करत होत्या. मी आता पत्रात दरवर्षी एक वाक्य घालतेच: अख्खं लेबनॉन आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान आहे, आणि तेवढ्या जागेत २०२४ पर्यंत तिथल्या सरकारच्या अंदाजानं १५ लाखांच्या आसपास सीरियन निर्वासित राहत होते. पैशाचंही असंच सांगते. २०१९ पर्यंत एका डॉलरला साधारण १,५०० लिरा मिळायचे, आता ८९,५०० मिळतात. म्हणजे ज्या शिक्षकानं जन्मभर बँकेत पैसे टाकले, त्याची म्हातारपणची सोय पाच वर्षांत मातीमोल झाली. एवढं कळलं की लेबनीज माणूस निर्वासितांवर चिडतो तेव्हा त्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला समजतं, आणि आपण त्याच्यासाठीही प्रार्थना करतो.

लढाईच्या बातम्या मात्र थोडक्यात. तारीख, जागा, काय झालं. विशेषणं नकोत. २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये इस्रायल आणि हिजबुल्लाची लढाई पेटली. त्या वर्षीच्या पत्राचा मी आधी केलेला खर्डा असा सुरू होत होता: "या वर्षी अनेक भयानक संकटांतून प्रभूनं आम्हांला तारलं." मी सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तरी हे वाक्य माझ्या हातून गेलं. ते खोटं नाही, पण ते कुठल्याही गावातून, कुठल्याही वर्षी लिहिता आलं असतं. वही उघडली आणि पुन्हा लिहिलं:

"२३ सप्टेंबर, सोमवार. त्या दिवशी देशभर हल्ले झाले, आमच्या खोऱ्यातही. एका दिवसात पाचशेवर माणसं गेली. आम्ही घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या, हादऱ्यानं काचा फुटू नयेत म्हणून. संध्याकाळी गार वारा सुटला तरी मोठीनं खिडक्या लावू दिल्या नाहीत. स्वेटर घालून ती प्रत्येक खोलीत जाऊन बघत होती."

मोठी म्हणजे माझी नात, तेव्हा अकरा वर्षांची. हे वाचताना माझा आवाज बसला आणि मंडळीतल्या बायका रडल्या, पण कुणाला रडवावं म्हणून ते लिहिलेलं नव्हतं.

आता सगळ्यात जपून करायचं काम. इथे माझ्या हातून मोठी चूक झाली आहे आणि ती मी लपवणार नाही. २०२१ च्या पत्रात मी शाळेतल्या एका मुलाचं नाव, त्याच्या बापाचा धंदा आणि सीरियातलं त्यांचं मूळ गाव लिहिलं. मला वाटलं, नाव घेऊन प्रार्थना केली तर बरं. कुणीतरी प्रेमानंच त्या कागदाचा फोटो काढून पुढे पाठवला, तो कुठून कुठे फिरला देव जाणे. दोन महिन्यांनी त्या मुलाचा काका, जो अजून गावीच होता, त्याच्या दारात माणसं चौकशीला आली. घाबरून त्या कुटुंबानं तंबू मोडला आणि दुसरीकडे गेलं. मुलगा पुन्हा शाळेत दिसला नाही. त्याचं दप्तर लेकीनं अजून जपून ठेवलंय. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, पण माझ्या तीन ओळींची किंमत त्यानं मोजली हे मला विसरता येत नाही.

म्हणून सांगते: नाव नको, मूळ गाव नको, बापाचा धंदा नको. चेहरा दिसेल असा फोटो नको, हात, पाठ, वह्या, चपलांची रांग चालेल. शाळेची पाटी फोटोत येऊ देऊ नका. नाव बदलून खोटं नाव घालण्यापेक्षा "आमची एक विद्यार्थिनी" म्हणा. कुणाच्या विश्वासात काही बदल होत असेल तर तो त्याचा आणि देवाचा विषय आहे, छापील कागदाचा नव्हे. आणि ज्याची गोष्ट सांगताय त्याची परवानगी त्याच्याच भाषेत घ्या. लेक पत्रातली ओळ अरबीत त्या आईला वाचून दाखवते आणि मगच मला पाठवते. पत्राच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा: "याचा फोटो काढून पुढे पाठवू नये."

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. रमाबाई देशोदेशीच्या मदत करणाऱ्यांना तिथली खबर लिहून कळवत. त्या कागदांमधल्या मुलींच्या आकड्यात कुठेतरी माझी पणजी असणार. मी लेकीचं पत्र उतरवताना स्वतःला एकच विचारते: या तंबूतल्या मुलीची पणती उद्या हे वाचायला बसली, तर तिला आपल्या पणजीचा मान राखलेला दिसेल का? "बिचारी", "अंधारात चाचपडणारी", "असहाय" हे शब्द या एका प्रश्नानं आपोआप गळतात.

दुःखाला त्याचा स्वतंत्र परिच्छेद द्या आणि तिथेच थांबा. आपल्याकडे सवय अशी की एखाद्याच्या मरणाची ओळ लिहिली की लगेच पुढे "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक" हे वचन लिहायचं. ते वचन खरं आहे, पण दुसऱ्याच्या मयतीवर घाईनं लावायची ती पट्टी नाही. स्तोत्र १३ मध्ये दावीद देवाला "किती वेळ" हे एकदा नाही, चारदा विचारतो. तेवढी मुभा पत्रालाही असू द्या. २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला सीरियाच्या हद्दीवरचा मस्ना नाक्याजवळचा रस्ता बॉम्बनं फुटला. गाड्या जाईनात. ज्या सीरियातून लोक एकदा पळून आले, त्याच सीरियात पोरं आणि गाठोडी घेऊन खड्ड्यातून चालत परत निघाले. त्यांत आमच्या शाळेतली चार कुटुंबं होती. पत्रात हे लिहिल्यावर मी एक ओळ कोरी सोडली. वाचताना तिथे मनात दहा आकडे मोजले. मंडळी गप्प बसली, आणि ते बरोबर होतं.

आशेचंही तसंच. जेवढी पाहिली तेवढीच लिहा. "पुढचं वर्ष शांतीचं असेल" असं वचन आपण कोण देणार? २७ नोव्हेंबरला पहाटे चारला शस्त्रसंधी लागू झाला, एवढं बातम्यांतही होतं. पत्रात लेकीनं सांगितलं ते असं: धाकटा त्या पहाटे जागा झाला आणि म्हणाला, "आई, काहीच ऐकू येत नाही." मग आईच्या कुशीत शिरून पुन्हा झोपला.

दुसरी गोष्ट घरमालकिणीची. १९८१ मध्ये सीरियन सैन्यानं झाहलेला वेढा घातला होता, त्यात तिचा भाऊ पायानं अधू झाला. सीरियन माणसाचं नाव काढलं की ती उठून आत जायची. इतकी वर्षं लेकीनं तिच्याशी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात शाळेच्या खोलीत घरं सोडून आलेली माणसं झोपायला होती, तेव्हा ती बाई मसूरडाळीच्या सूपचं मोठं पातेलं घेऊन आली, दारात ठेवलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिनं वाढलंसुद्धा. लेक म्हणाली, "आई, यावर काही भाष्य करू नकोस, फक्त तीन दिवस लिही." मी फक्त तीन दिवस लिहिले.

आणि ८ डिसेंबरला सीरियातलं सरकार पडलं. तंबूवस्तीत रात्रभर लोक नाचले. पुढच्या आठवड्यात एक आई जावयाकडे आली. मुलीला गावच्या शाळेत घालायचंय, तिसरी पास झाल्याचा कागद द्या, पण त्यावर शिक्का हवा. शाळेकडे शिक्काच नव्हता! जावई झाहलेत जाऊन शिक्का बनवून घेऊन आला. नाताळपर्यंत सहा कुटुंबांनी असे शिक्क्याचे कागद नेले. शाळेतली बाकं रिकामी होऊ लागली, याचं दुःख करावं की देवाचे उपकार मानावेत हे त्या दोघांना कळत नव्हतं, आणि त्यांनी पत्रात तसंच सांगितलं.

मुलांना त्यांच्या दोन ओळी लिहू द्या आणि त्या सुधारू नका. सात वर्षांच्या नातवानं लिहिलं होतं: "मला आजीची करंजी पायजे. मला आता ढगाचा आवाज आणि बॉम्बचा आवाज वेगळा ओळखू येतो." मी "पायजे" तसंच ठेवलं.

हिशोब चार ओळींत उरका, पण टाळू नका. आमच्या स्त्रीसंघानं तुळशीबागेतून लोकर आणून ६४ टोप्या विणल्या होत्या, लेक उन्हाळ्यात आली तेव्हा बॅगेत घेऊन गेली. पत्रात होतं: ६४ पोहोचल्या, ६१ वाटल्या, ३ लहान पडल्या म्हणून तान्ह्या बाळांना दिल्या. विणणाऱ्या बायकांना एवढंच हवं असतं. प्रार्थनेचे विषयही तीनच द्या, आणि असे द्या की पुढच्या वर्षी उत्तर सांगता येईल. "मध्यपूर्वेत शांती" यासाठी मंडळी करतेच प्रार्थना, पण "मोठीला रात्री खिडकी लावून झोप लागावी" यासाठी लोक वर्षभर, नावानिशी केल्यासारखी करतात. २०२५ च्या मार्चमध्ये तिनं खिडकी लावली. ते मी रविवारी उपासनेनंतर उभी राहून सांगितलं.

सगळं मिळून दीड पान, वाचायला नऊ-दहा मिनिटं. छापण्याआधी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. मी शेजारच्या काकूंना दाखवते. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, त्यामुळे आमचे देवळातले शब्द कुठे अडतात ते त्यांना लगेच कळतं. "आम्ही ओझं वाहत आहोत" म्हटल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं होतं की कसलं ओझं, पाठीला त्रास होईल ना. ते वाक्य मी काढलं आणि "आम्हाला झोप येत नाही" असं लिहिलं.

३१ तारखेला वाचून झालं की मंडळीचं "आमेन" आणि बाराची घंटा मोबाइलवर रेकॉर्ड करून लगेच तिकडे पाठवा. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, चौघं जेवायला बसलेली असतात आणि वाट बघत असतात. फक्त रेकॉर्ड करताना खिडक्यांपासून लांब, वेदीच्या बाजूला उभे राहा. बाराला बाहेर फटाके सुरू होतात, आणि तो आवाज त्या मुलांपर्यंत जायला नको.