स्प्लेंडरला दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसवताना

गोव्यातल्या पायलटची (मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्याची) गाडी बहुधा शंभर-सव्वाशे सीसीची, आणि दिवसभर तिच्यावर मागे कोणी ना कोणी बसलेलं. पुढे प्रवाशाची बॅगही टाकीवर आडवी. दोन पावसाळे गेले की मागचे शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) निकामी होतात आणि स्टँडवर पहिला सल्ला मिळतो: "पल्सरचे गॅसवाले घाल, पात्रांव." सल्ला वाईट नाही, पण पल्सर १५० ही स्प्लेंडरपेक्षा तीसेक किलोने जड गाडी आहे. तिचे शॉकअप तिच्या वजनाला आणि तिच्या मापाला बनवलेले असतात. नट चार आहेत म्हणून काम तासाभराचं वाटतं. खरा वेळ जातो तो मापं घेण्यात, आणि ती विकत घेण्याआधी घ्यायची असतात.

त्याहीआधी दोष खरंच शॉकअपचा आहे का ते बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकासकट चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) हलत असेल तर त्याचा बुश (सांध्यातली नळी) गेलेला आहे, आणि कितीही महाग शॉकअप घातले तरी गाडी मागून डुलणारच. मग सीट जोरात खाली दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअपमधलं तेल अजून काम करतंय. दोन-तीनदा उसळली तर संपलं. रॉडवर तेलकट लाल चिखल चिकटलेला दिसला तर सील गेलं, मग दाबून बघायचीही गरज नाही.

मापं

पहिलं माप लांबीचं. वरच्या बुशच्या मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंतचं अंतर, शॉकअप गाडीवरून काढून, पूर्ण उघडलेल्या अवस्थेत घ्यायचं. गाडीवर असताना घेतलेलं माप खोटं निघतं, कारण वजनाने तो दबलेला असतो. नवा शॉकअप जुन्याच्या ५ मिमी इकडे-तिकडे असेल तर चालतो. १० मिमी लांब असेल तर मागचा एक्सल त्याहून थोडा जास्तच खाली ढकलला जातो, कारण शॉकअप तिरपा असतो आणि बहुधा एक्सलच्या पुढे बसतो. स्प्लेंडर प्लसचा व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर) १२३६ मिमी आहे. त्या हिशोबाने गाडी जवळपास अर्धा अंश पुढे झुकते. हँडल हलकं होतं, वळणावर गाडी पटकन झुकते, आणि झुआरी पुलावर आडवा वारा लागला की डगमगते. मेन स्टँडवर घेतली तर मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं, म्हणजे पंक्चर काढताना दरवेळी स्टँडखाली फळी. आखूड शॉकअपचा त्रास वेगळा: टायर मडगार्डला आतून घासतो, आणि दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीत चढताना रॅम्पच्या काठाला मेन स्टँड खरवडतो.

दुसरं माप बुशचं. शॉकअपच्या टोकाच्या गोल भोकात, म्हणजे डोळ्यात, रबर, आणि रबराच्या आत लोखंडी कॉलर. कॉलरचा आतला व्यास गाडीच्या स्टडपेक्षा (शॉकअप ज्यावर अडकतो त्या खुंटीपेक्षा) जास्तीत जास्त ०.१ ते ०.२ मिमी मोठा असावा. स्टड १० मिमीचा आणि कॉलर १२ ची असेल तर मधे पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणारे पुष्कळ आहेत. पंधरा दिवसांत ती पट्टी पिळवटते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर 'टक्' ऐकू येतं. लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलची नळी वळवून घ्या, खर्च फार नाही. नळीची लांबी मात्र नीट सांगा: ती रबराच्या डोळ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर आली पाहिजे. नट आवळल्यावर वायसर कॉलरवर दाबला जायला हवा, रबरावर नव्हे. कॉलर आखूड राहिली की रबर चेपतं, शॉकअप आपल्या जागी फिरत नाही आणि उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर मागून कुरकुर सुरू होते.

तिसरं, खालच्या टोकाचा आकार. काही शॉकअपना खाली गोल डोळा असतो, काहींना दोन पाकळ्या आणि आरपार बोल्ट. पाकळ्यांचा शॉकअप स्टडवर बसणार नाही, आणि तो बसावा म्हणून चिमट्यावर वेल्डिंग करून घेणं हा शहाणपणा नव्हे.

स्प्रिंग किती कडक

दुकानदार 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' एवढंच सांगतो. तुम्ही व्हर्नियर (बारीक मापाची सरकती पट्टी) घेऊन स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. वेटोळी जितकी जास्त तितकी स्प्रिंग मऊ. म्हणजे वेटोळी आणि व्यास तेवढेच असताना ७ मिमीची तार ७.५ झाली, तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण स्प्रिंग सुमारे ३२ टक्क्यांनी कडक झालेली असते. एका टोकाला वेटोळी जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब असतील तर ती स्प्रिंग आधी मऊ आणि दबत गेली की कडक होते. दिवसभरात कधी एकट्याने, कधी दोघांनी चालणाऱ्या गाडीला हीच बरी.

फार कडक स्प्रिंगचं दुखणं मागे बसणाऱ्याला कळतं. डिचोली, सांगेकडच्या खाणपट्ट्यात मालाच्या ट्रकांनी खचवलेल्या रस्त्यावर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी वरून उडत जातं. ब्रेक मारावा तर चाक हवेत. म्हणून मूळ स्प्रिंगपेक्षा १५-२० टक्के कडक एवढंच पुरे.

गॅसचा फायदा खरा आहे, फक्त तो कडकपणाचा नाही. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या, आत तेल आणि वर हवा. सलग खड्ड्यांतून गेलं की तेल हवेत मिसळून फेसाळतं आणि दाब धरत नाही. नायट्रोजन दाबून भरलेला असला की फेस कमी होतो, इतकंच. बाजूला गॅसची म्हणून डबी लटकवलेला प्रत्येक शॉकअप गॅसचा नसतो. स्वस्त जोडीतली डबी कधीकधी शोभेपुरती पोकळ असते. आणखी एक: दोन नळ्यांचा साधा शॉकअप उलटा बसवू नका, आतली व्हॉल्व्ह तेलाऐवजी हवा ओढते आणि तो पोकळ वाजू लागतो. डबीवाला उलटा चालतो की नाही ते बनवणाऱ्याच्या पत्रकात बघा. डबीला ड्रिल किंवा गॅसकटर कधीच लावायचा नाही.

काढणं

आदल्या संध्याकाळी चारही नटांवर डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे डोम नट (टोपीसारखे एका बाजूने बंद) आतून गच्च धरलेले असतात, कारण टोपीत शिरलेलं खारं पाणी बाहेर पडत नाही. शेगडी किंवा ब्लो टॉर्च लावू नका, वरच्या नटापासून पेट्रोलची टाकी लांब नसते. जपानी वळणाच्या गाड्यांना बहुधा १४ चा पाना लागतो, १० मिमीच्या काही नटांना १७ चा. रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्या. उघड्या तोंडाच्या पान्याने डोम नट गोल होतो, मग छिन्नी-हातोडी आली.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. चिऱ्याच्या अंगणात स्टँडखाली फळी ठेवा. मागच्या टायरखाली लाकडाचे तुकडे सरकवून चाक नुसतं टेकेल इतकं उचलून धरा. मग एका वेळी एकच शॉकअप काढायचा. दुसरा जागेवर असला की चिमटा खाली पडत नाही आणि चेन ताणली जात नाही. पुष्कळ गाड्यांत ग्रॅब रेल (मागच्याने धरायचा दांडा) वरच्या स्टडवरच अडकलेली असते, तिचे बाकीचे बोल्ट सैल करा. उजवीकडे सायलेन्सर आड येत असेल तर त्याचा मागचा बोल्ट काढला की पुरतं.

नट निघाला तरी शॉकअप निघत नाही, तिथे कामाची खरी परीक्षा. कॉलर गंजाने स्टडला चिकटलेली असते. स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेर उपटलं तर स्टड वाकतो. शॉकअप धरून स्टडभोवती पुढे-मागे फिरवा, तेल मारा, पुन्हा फिरवा. तरी नाही सुटला तर ब्लेडने रबर कापून शॉकअप मोकळा करा आणि उरलेल्या कॉलरला हेक्सॉने लांबीच्या दिशेने चीर द्या. चीर स्टडपर्यंत पोचायच्या आत थांबा, पान्याच्या टोकाने पिळलं की ती फुलासारखी उघडते.

स्टड एमरी पेपरने साफ करून व्हर्नियरने दोन ठिकाणी मोजा, एकदा उभा, एकदा आडवा. ०.३ मिमीहून जास्त फरक आला तर तो एका अंगाने झिजलेला आहे आणि नवा बुशही वाजणार. तेव्हा लेथवाल्याकडून त्या स्टडच्या मापाची कॉलर करून घेणं किंवा स्टड बदलणं, दोनच उपाय.

बसवणं

नवी जोडी दुकानात आडवी पडून असते. साधे शॉकअप असतील तर बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-सोडा, आतल्या नळीतली हवा वर जाते. दोन्ही परत यायला सारखाच वेळ घेतायत ना ते बघा. एक झटकन आणि एक सावकाश येत असेल तर जोडी परत करा.

स्टडवर ग्रीसचा पातळ हात. ट्रॉलरवाले वापरतात तसलं पाण्याला न विरघळणारं ग्रीस मिळालं तर उत्तम. आधी वरचं टोक घाला, नट हाताने सैल लावा. खालचं भोक जुळत नसेल तर टायरखालचे लाकडाचे तुकडे वाढवून-कमी करून चाक हलवा, शॉकअप ओढू नका. मागून बघितल्यावर शॉकअप सरळ उभा दिसला पाहिजे. वरचा किंवा खालचा डोळा बाहेर येत असेल तर वायसरने २-३ मिमीपर्यंत भरपाई करता येते, त्याहून जास्त लागत असेल तर तो शॉकअप तुमच्या गाडीचा नाही. डबी साइड पॅनलला, सायलेन्सरला किंवा मागच्याच्या टाचेला लागत नाही ना हेही आत्ताच बघायचं.

गंजू नयेत म्हणून स्टेनलेसचे बोल्ट घालायचा मोह गोव्यात सगळ्यांनाच होतो. साधं स्टेनलेस ८.८ ग्रेडच्या (ताकदीचा आकडा, बोल्टच्या डोक्यावर असतो) बोल्टपेक्षा कमी ताकदीचं असतं आणि त्याचे आटे एकमेकांना चावून अडकतात. ८.८ चेच घ्या, वर्षातून एकदा ग्रीस लावा.

चारही नट लागले की गाडी स्टँडवरून उतरवा, वर बसा, दोनदा उसळी द्या आणि मग दुसऱ्याकडून नट आवळून घ्या. लटकत्या चाकावर आवळलं तर रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी खाली बसली की कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. टॉर्क (आवळायचा जोर) गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला घ्या. १० मिमीच्या नटाला पाइप जोडून जोर लावायची गरज नसते.

आता चेन. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट असते. दोघांना गाडीवर बसवून त्या स्थितीत चेन बोटाने हलवा, थोडी तरी ढिली लागलीच पाहिजे. लांबी बदलल्यावर ही तपासणी विसरली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो, आणि दोष शॉकअपच्या नावावर कधी लिहिलाच जात नाही. त्याच वेळी ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा फ्रेम आणि चिमट्याला बांधून गाडी पूर्ण दाबा आणि टायर-मडगार्डमधलं अंतर बघा. १५ मिमीच्या खाली नको.

शेवटी बसण्याचं माप, म्हणजे वजनाने गाडी किती खाली दबते ते. चाक हवेत असताना एक्सलपासून ग्रॅब रेलपर्यंत मोजा, मग माणसं बसवून पुन्हा मोजा. चाकाची चाल (वर-खाली हलण्याचं एकूण अंतर) ९० मिमी धरली तर एकट्याने २५ ते ३० मिमी, दोघांनी ४० च्या आत बसायला हवी. जास्त बसत असेल तर हुक पान्याने स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कड्याची खाच एकेक वाढवा, दोन्हीकडे सारखी. डावीकडे दुसरी आणि उजवीकडे तिसरी खाच असलेली गाडी साठच्या पुढे एका बाजूला ओढते. पाचव्या खाचेवरही बसत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, आणि पहिल्या खाचेवर दोघांनी १५ मिमीदेखील बसत नसेल तर ती फार कडक. मागची बाजू उंचावली असेल तर हेडलाइट खाली गेलेला असतो, तोही उचलून घ्या.

पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. पावसाळ्यात मागच्या टायरचा चिखल थेट रॉडवर उडतो, म्हणून जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा मडगार्डच्या आत लावून टाका. किनाऱ्यावरून आलं की रॉड गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचा. प्रेशर वॉशरचं तोंड सीलवर धरायचं नाही. रॉडवर गंजाचा एक टाचणीएवढा ठिपका उठला तरी तो सील कापतो. आणि मूळ जोडी भंगारात देऊ नका. कॉलरांसकट, उभी, कोरड्या जागी ठेवा. नवे कॉलर वळवून घेताना लेथवाला नमुना मागतोच.