ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

आठवड्याला एक तरी गाडी अशी येते. मालकाच्या हातात नवाकोरा ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो तो) आणि वर, "हा फक्त बसवून द्या, कोड मी बघितलाय." मोबाइलला ब्लूटूथ स्कॅनर जोडला, पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला, ऑनलाइन पार्ट मागवला, झालं निदान! अहो, पी०१७१ म्हणजे सेन्सर गेला असं नाहीच मुळी. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय एवढंच तो सांगतोय, आणि बहुतेक वेळा खरं सांगतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गेल्या पावसाळ्यात एक काका जुनी हॅचबॅक घेऊन आले. ॲव्हरेज १८ वरून १२ वर, चेक लाइट कायम. दोन गॅरेजमध्ये दोन सेन्सर बदलून झालेले, तिसरा डिकीत. म्हटलं गाडी ठेवून जा, सकाळी इंजिन थंड असताना बघतो. सकाळी स्टार्ट केली तर पहिलं मिनिटभर टिक टिक टिक, अगदी टॅपेटसारखं, आणि इंजिन तापलं की आवाज गायब. तिथंच डोक्यात ट्यूब पेटली. पुन्हा थंड होऊ दिली, सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावून बाजूने चिंध्या कोंबल्या आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरपाशी भसाभस फेस. स्टड तुटलेला, गॅस्केट फुंकलेलं. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसायचा, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटायचं पेट्रोल कमी पडतंय आणि तो बिचारा ओततोय. तुटका स्टड काढण्यात अर्धा दिवस गेला, पण लाँग टर्म ट्रिम (ईसीयू जादा ओततोय ते पेट्रोल, टक्क्यांत) +२३ वरून +२ वर आला. काका विचारत होते तिसरा सेन्सर दुकानदार परत घेईल का. पॅकिंग फोडलेलं, कोण घेतंय!

मिसफायरचंही असंच. प्लग किंवा कॉइल मेली की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर 'लीन' (पेट्रोल कमी) ओरडतो, मग पेट्रोल कितीही जात असू दे.

माझी सवय सांगतो. थंड इंजिनवर सेन्सर तपासायचाच नाही, तो ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय धड बोलत नाही. गाडी चांगली गरम करून आरपीएम २५०० ला धरायचा आणि पुढच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या) सेन्सरचं व्होल्टेज बघायचं, ०.१ ते ०.९ असं सारखं वरखाली झालं पाहिजे. मग एक व्हॅक्यूम होज काढायचा, व्होल्टेज झटकन खाली. होज परत लावून इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा, व्होल्टेज झटकन वर. (तापलेल्या मॅनिफोल्डवर मारू नका, पेट घेईल.) दोन्ही वेळा लगेच उत्तर आलं तर सेन्सर ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. रेंगाळत उत्तर देत असेल तर खुशाल बदला. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे एअर-फ्यूल सेन्सर असतो, तो असा नाचत नाही, त्याला हा नियम लावून नापास करू नका.

पी०१३५, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या हीटरचा कोड, आला की आधी फ्यूज. मग प्लग काढून हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरी (बहुतेक पांढऱ्या) मल्टिमीटरवर मोजा. थोडेफार ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काहीच नाही दाखवलं तर गेला.

पी०४२० या कोडवर मागचा (कन्व्हर्टरनंतरचा) सेन्सर बदलणारे वेगळेच. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तक्रार करतोय हो! आणि मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावून (सेन्सर धुरापासून लांब सरकवून) लाइट विझवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आता सिलिकॉन. हा माझा दुखरा कोपरा, कारण ही चूक मी स्वतः केलीय. टॅपेट कव्हर गळत होतं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ओतलं, पंधरा मिनिटांचं काम म्हणून खूश. त्याची वाफ इंजिनातून जाऊन थेट सेन्सरवर बसली. महिन्याभरात उघडला तर टोकावर पांढरी भुकटी, सेन्सर खलास. ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलेलंच घ्या. काळी काजळी असेल तर गोष्ट वेगळी, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे, आधी ते शोधा. आणि पेट्रोलमध्ये बुडवून वायर ब्रशने घासणाऱ्यांना हात जोडतो.

सेन्सरच्या वायरी सोल्डर करू नका, बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींमधूनच मिळते.

आणि सगळ्यात आधी वाकून वायरिंग बघा. मागे एकाचा सेन्सर 'डेड' होता, सिग्नलची वायर उंदराने कुरतडलेली, आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत अर्धी भाकरी.