घरात ट्रेनरवर लो केडन्स इंटरव्हल कसे मारायचे

सिंहगडाचा चढ उभा झाला की सगळ्यात हलका गिअर टाकूनही पाय मिनिटाला ५५-६० फेऱ्यांवर येतात (पायडलच्या मिनिटाच्या फेऱ्या म्हणजेच केडन्स, आरपीएममध्ये मोजतात), आणि सराव आपण वर्षभर ९० वर केलेला असतो, म्हणून मांड्या तिथेच भरून येतात. पावसाळ्यात सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लागलेलीच असते तर तेव्हाच कमी केडन्सला जोर लावायचा हा सराव करून घ्या.

हिशोब बघा. २०० वॉट ९० आरपीएमला काढले तर क्रँकवर (पायडल लागतं त्या दांड्यावर) साधारण २१ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो, तेच ५५ ला काढले तर जवळपास ३५. वॉट तेच, पण दर पायडलला जोर दीडपटीच्या वर.

म्हणून आधी सीट बघायची. टाच पायडलवर ठेवा, पायडल एकदम खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर सगळा भार गुडघ्याच्या पुढच्या बाजूला येतो. मी पहिल्या वर्षी हे न बघता पाच-पाच मिनिटांचे पाच सेट मारले आणि वाटीखालचं दुखणं पंधरा दिवस गेलं नाही. गुडघा आधीच दुखत असेल किंवा बीपी, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रकार नकोच.

पंखा समोर, तोही मोठा, कारण घरात वारा नसतो. हँडलवर टॉवेल टाका, घाम हेडसेटच्या (हँडल जिथे फिरतं त्या जोडाच्या) बोल्टवर ठिबकत राहिला की गंज धरतो. बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

वॉर्मअप १५ मिनिटं, ८५-९० आरपीएम, मधे दोन-तीनदा २० सेकंद जोरात. मग पहिला सेट: ३ मिनिटं, ५५-६० आरपीएम, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येतील इतक्या वॉटच्या) ९० ते १०० टक्के. एफटीपी माहीत नसेल तर २० मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॉटचे ९५ टक्के धरा. वॉट दाखवणारं पॉवर मीटरच नसेल तर दुसऱ्या मिनिटानंतर दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये इतका जोर. केडन्स सेन्सर नसला तरी अडत नाही, उजवा गुडघा १५ सेकंदात १४ वेळा वर आला म्हणजे ५६.

बसूनच मारायचं. हँडल हलकं धरा, बोटं पियानोवर ठेवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. खांदे डावी-उजवीकडे डुलायला लागले म्हणजे पाय संपलेत आणि अंगाने ओढणं चालू आहे, तिथे रेझिस्टन्स एक पायरी कमी करा, केडन्स वाढवून पळवाट काढू नका. जोर फक्त खाली दाबायचा नाही, पायडल वरून पुढे ढकला आणि खाली आल्यावर चपलेचा चिखल पुसतो तसं मागे ओढा.

सेटनंतर ३ मिनिटं एकदम हलकं, ९० च्या वर. असे चार सेट.

स्मार्ट ट्रेनर अर्ग मोडवर (ठरवलेले वॉट तो स्वतःच धरून ठेवतो) असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, वॉट टिकवायला तो केडन्स घसरली की रेझिस्टन्स वाढवतो, ५५ चे ४८, ४८ चे ४० होतात आणि पायडल चिखलात रुतल्यासारखं अडकतं. अशा वेळी झटापट करू नका, अर्ग बंद करा, पाय मोकळे करा, परत चालू करा. आणि पुढची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) लहान ठेवा, फ्लायव्हील (ट्रेनरमधलं जड चाक) सावकाश फिरतं आणि खऱ्या चढासारखं वाटतं. मोठ्या रिंगवर फ्लायव्हीलच पायाला पुढे नेतं, तो सपाट रस्ता झाला.

आठवड्यात एकदा, फार तर दोनदा, मधे निदान ४८ तास. दर आठवड्याला एकतर सेटमागे अर्धा मिनिट वाढवा नाहीतर एक सेट, दोन्ही एकदम नाही. चौथा आठवडा निम्म्यावर आणा.

शेवटचा सेट झाला की लगेच उतरू नका. १० मिनिटं ९५ आरपीएमला रिकामे पाय फिरवा, सुरुवातीला ते लाकडासारखे असतात, मग हळूहळू सैल पडतात, तसे पडले की उतरा.