क्रोशाची पहिली चिमणी

आमच्या जुन्या घरात माजघरातल्या तसबिरीमागे चिमण्या घरटं करायच्या. खाली दिवसभर काड्या पडत. आई त्या केरात न टाकता उचलून खिडकीत ठेवायची, आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा तसबिरीमागे गेलेल्या असत. परवा काऊ-चिऊची गोष्ट ऐकताना नातीनं विचारलं, "आजी, चिऊ केवढी असते गं?" मग मी सुई घेऊनच बसले.

पहिल्यांदा करताय तर चिमणीच करा, चिमणा नको. त्याच्या डोक्यावर राखाडी टोपी, गळ्याखाली काळा डाग, म्हणजे मध्येच रंग बदलणं आलं. चिमणी सगळी मातकट, एकाच लोकरीत होते.

साधी चार पदरी फिकट तपकिरी लोकर 25 ग्रॅम पुरून उरते. सुई 3 मिमीची घ्या, वेष्टनावर 4 लिहिलं असलं तरी. खेळण्याची वीण घट्टच हवी. माझी पहिली चिमणी 4 च्या सुईवर झाली, तिच्या पोटातून आत भरलेलं पांढरं फायबर, म्हणजे उशीत असतो तसा कृत्रिम कापूस, डोकावत होतं. सगळी उसवली. भरायला फायबरच आणा. कापसाचे धुतल्यावर गोळे होतात.

साखळी सोडली तर टाका एकच यावा लागतो, मुका खांब. सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील. पुन्हा धागा घेऊन दोन्ही फासांतून एकदम काढा. इंग्रजी कृती वाचणार असाल तर सांभाळा: अमेरिकन लोक याला सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश डबल क्रोशे. टाका तोच.

सुरुवातीला मॅजिक रिंगच्या, म्हणजे ओढून बंद करायच्या धाग्याच्या वेढ्याच्या, नादी लागू नका. सुईवरच्या फासातून धागा ओढला की एक साखळी; अशा दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विणा. ही झाली पहिली फेरी, चिमणीच्या डोक्याचा शेंडा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन, असं करत 18. मग तीन फेऱ्या 18 च्याच. इथे चेहरा येणार आहे. सातव्या फेरीत दोन साधे, तिसऱ्यात दोन, की 24 होतात आणि पोट सुटायला लागतं. पुढच्या चार फेऱ्या 24 च्या.

फेरी गोल गोल चालते, कुठे संपली ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवा आणि फेरी संपली की मोजा. एक टाका चुकला तर तिथल्या तिथे उसवता येतो. चार फेऱ्यांनी कळलं तर चिमणी एका अंगाला कलते.

आता घटवायचं. दोन साधे, मग दोनाचा एक, असं 18. पुढे एक साधा, दोनाचा एक, म्हणजे 12. दोनाचा एक करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास उचला, भोकं दिसत नाहीत. इथे फायबर थोडं थोडं भरा, आधी डोक्यात. शेवटी सहा टाके करून धागा ओढून घ्या.

पंख म्हणजे 18 टाक्यांपर्यंतच्या दोन चकत्या, दुमडून कुशीला शिवलेल्या. त्यांवर गडद तपकिरी धाग्याचे तीन-चार लांब टाके मारा. शेपटीला पाच साखळ्या घालून चार मुक्या खांबांच्या पाच ओळी पुरतात, प्रत्येक ओळीआधी वळताना एक साखळी. चोच करड्या धाग्याने भरा, डोळ्यांच्या एक फेरी खाली.

डोळ्यांना मात्र वेळ द्या. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या मध्ये, सहा टाक्यांच्या अंतराने दोन टाचण्या लावा आणि चिमणी हातभर लांब धरून बघा. डोळे फार जवळ आले की ती घुबडासारखी दिसते, वर गेले की घाबरलेली. मला चार वेळा टाचण्या हलवाव्या लागल्या. मनाजोगतं दिसलं की काळे मणी पक्के शिवा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मणी अजिबात नकोत, काळ्या दोऱ्यानेच भरा.

शेपटी सगळ्यात शेवटी, आणि किंचित वर उचलून शिवा. दाणा टिपून टुणकन पुढे उडी मारते ना, तेव्हा असते तशी.