माय किंवा बाप लहानपणी गेला असेल तर: दहा ते अठरा वयातल्या पोरांची तब्येत कशी पाहायची

गावात मयत झाली की तेरवीपर्यंत घरात माणसं मावत नाहीत. वर्षश्राद्धाला त्यातली निम्मी येतात. पोराची तब्येत मात्र पुष्कळदा त्यानंतर बिघडते, कधी चार-पाच वर्षांनी, आठवी-नववीत. पोट दुखतं, डोकं दुखतं, झोप लागत नाही, पाळी दोन-दोन महिने येत नाही. बापाच्या मरणाशी त्याचा संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या मनात येत नाही.

उशिराचं कारण साधं आहे. पाच-सहा वर्षांच्या लेकराला मरण कायमचं असतं हे पुष्कळदा नीट कळत नाही. नऊ-दहाव्या वर्षापर्यंत ते कळतं. बाराव्या-तेराव्या वर्षी प्रश्न बदलतात: का झालं, माझ्यामुळे झालं का, आता मायचंही असंच होईल का. म्हणजे तेच दुःख नव्या समजेने पुन्हा भोगावं लागतं. म्हणून आशाताई, शिक्षक किंवा घरचं कोणी, ज्याच्याकडे पोराची तब्येत पाहायचं काम असेल त्याने आधी एका वहीत पाच गोष्टी लिहाव्या: पोराची जन्मतारीख, मृत्यूची तारीख, कारण, तेव्हा पोरगं कुठे होतं, आणि त्याला काय सांगितलं गेलं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणाला ठाऊक नसते.

तपासणी मृत्यूच्या कारणापासून सुरू करा. माणूस क्षयरोगाने गेला असेल तर घरातल्या प्रत्येकाची क्षयरोगाची तपासणी झाली का, आजार नसलेल्यांना प्रतिबंधक औषध मिळालं का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात हाडं-सांधे दुखतात. मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सांधे-हाडं दुखतात म्हणून ‘मनाचं असेल’ असं धरून चालणं इथे महागात पडतं. एचआयव्हीची शंका असेल तर मोफत आणि गोपनीय तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. बाप हृदयविकाराने अचानक गेला असेल तर पोराच्या छातीत कळ येणं नेहमीचं आहे. बहुतेक वेळा ती भीतीची असते, पण डॉक्टरांनी एकदा तपासून ‘तुझं हृदय ठीक आहे’ असं पोराच्याच तोंडावर सांगितलं पाहिजे. आईला बाजूला घेऊन सांगितलं तर भीती वाढते.

मग उंची, वजन, हिमोग्लोबिन. दर सहा महिन्यांनी, पोरगं बरं दिसत असलं तरी. 10-11 वर्षांच्या पोरांना 11.5 ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात, 12 वर्षांपासून पुढच्या मुलींना आणि 12 ते 14 वर्षांच्या मुलांना 12 च्या खाली, 15 आणि त्यापुढच्या मुलांना 13 च्या खाली. 8 च्या खाली गेलं तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला रक्तक्षय तिने भरून निघत नाही, त्यासाठी रोजची मात्रा डॉक्टर ठरवतात. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नाही. शौच काळं होतं, त्याने घाबरून पोरं गोळी नालीत टाकतात, म्हणून हे आधीच सांगा. सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

एकट्या मायच्या घरात रक्त कमी असण्याचं एक कारण ताटात दिसतं. माय पहाटे निंदायला किंवा कापूस वेचायला जाते, पोरगी सकाळी चहा-टोस्टवर शाळेत जाते आणि तिचं पहिलं जेवण दुपारी शाळेत होतं. नववीपासून ते पोषण आहाराचं जेवणही थांबतं. रात्रीची भाकर आणि भिजवलेली बरबटी (चवळी) किंवा मोट (मटकी) सकाळी मिळाली तरी फरक पडतो.

झोपेसाठी दोन आठवडे वही ठेवा: किती वाजता आडवं झालं, रात्री किती वेळा उठलं, सकाळी किती वाजता जागं झालं. मृत्यू झालेल्या खोलीत किंवा त्याच खाटेवर पोराला झोपवलं जात असेल तर आधी जागा बदला. इतकी साधी गोष्ट कित्येक घरांत वर्षानुवर्षं राहून जाते.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीबद्दल, थेट विचारा. पानठेल्यावर पहिला खर्रा पुष्कळ पोरं बारा-तेराव्या वर्षी खातात. बाप नसलेल्या पोराला ‘आता तू मोठा झाला’ म्हणत तो हातात देणारे मोठेही असतात. विचारताना ‘खातो का?’ म्हणू नका, ‘दिवसाला किती पुड्या?’ असं विचारा. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर दंतवैद्याला दाखवा.

बोलायचं काय? खरं, थोडक्यात, आणि गावात दुसऱ्या कोणाकडून कानावर जायच्या आत. ‘बाबा देवाघरी गेले’ किंवा ‘गावाला गेले’ ऐकलेलं लहान लेकरू वाट पाहत राहतं, आणि मोठं झाल्यावर आपल्याला फसवलं म्हणून रागावतं. आत्महत्या असेल तर असं सांगता येतं: ‘बाबाच्या मनाला आजार झाला होता. त्यात त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही. तुझी काही चूक नव्हती. अशा आजारावर इलाज असतो.’ कसं केलं, कुठे केलं, याचं वर्णन करू नका. कर्ज हे एकच कारणही सांगू नका. घरावर अजून कर्ज असतंच, आणि पोरगं त्यातून भलता अर्थ काढतं.

आत्महत्येने पालक गेलेल्या मुलांना स्वतःलाही धोका जास्त असतो. ‘माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं होईल’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, एकदम गप्प होणं दिसलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणालं तर एकटं सोडू नका आणि 14416 ला फोन लावा. ही टेली-मानस सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीत आहे. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. लागेल तेवढंच आणा, उरलेलं घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असू द्या. कोणी औषध घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. 108 बोलवा आणि डबा सोबत न्या, त्यावरचं नाव डॉक्टरांना लागतं.

आता मुख्य इलाजाबद्दल. या विषयावरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: उरलेला पालक कसा सावरतो यावर पोराची तब्येत सगळ्यात जास्त ठरते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये अशा कुटुंबांसाठी आखलेल्या कार्यक्रमात पोरांबरोबर उरलेल्या पालकालाही शिकवलं गेलं, आणि त्याचा गुण कित्येक वर्षांनंतरही दिसला. तेव्हा मायची झोप, मायचं हिमोग्लोबिन, मायचं रडणं हेही त्याच वहीत लिहा. रोज पंधरा मिनिटं एका पोरासोबत, मोबाईल आणि काम बाजूला ठेवून; उपदेश नाही, ऐकायचं फक्त. जेवण, शाळा आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. शिस्त दयेपोटी सैल करू नका, पोराला त्याने अधांतरी वाटतं.

‘आता तूच घरचा कर्ता’ हे वाक्य मोठ्या बाबांनी, काकांनी, मामांनी कोणीच तेरा वर्षांच्या पोराला म्हणू नये. वावरात मदत करू द्या, पण सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीत शाळा बुडू लागली की ती पुन्हा धरणं अवघड होतं. पोरींच्या बाबतीत हेच ओझं स्वयंपाक, धाकटी भावंडं आणि पुढे लवकरच्या लग्नाच्या रूपाने येतं. अठरा पूर्ण नसताना लग्नाची बोलणी सुरू झाली तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा.

दोन आठवड्यांहून जास्त जेवण-झोप बिघडली, शाळा सुटली, किंवा सहा महिन्यांनंतरही दुःखाने रोजचं चालणं बंद पडलं असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींच्या दवाखान्यात, न्या. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार तज्ज्ञाकडे पाठवतात. अंगात येणं, बेशुद्ध पडणं असेल तर आधी फिट येते का हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. देवाचं करायचं तर करा, दवाखाना मात्र थांबवू नका.

कागदाचं काम यात नुसतं जोडकाम नाही, कारण दूध, वह्या आणि बसभाडं त्यावर चालतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलालाही महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात होतो आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो लागतात. अडतं ते बहुधा नावावर: दाखल्यात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करा आणि नावाचं स्पेलिंग तेव्हाच तपासून घ्या. अर्ज दिला की तारखेची शिक्का मारलेली पोच घ्या आणि तिची झेरॉक्स शाळेतही ठेवा.