ॲमस्टरडॅमहून कुमासीला: घरी जाण्याच्या तयारीची यादी

युरोपातून आफ्रिकेतल्या घरी जायचं ठरलं की बहुतेक जण आधी तिकिटांचे दर बघायला बसतात. माझ्या मते ते तिसरं काम आहे. पहिलं काम म्हणजे वही काढून तिकडे कोणाला काय द्यायचं ते लिहिणं. दुसरं म्हणजे आपण सगळे तिथे राहिल्यावर घरखर्च किती वाढेल ते घरच्यांना मोकळेपणानं विचारणं. माझं सासर घानातल्या कुमासीचं आणि संसार ॲमस्टरडॅममध्ये. इथल्या बायल्मर भागात घानाची पुष्कळ कुटुंबं राहतात. कर्ज काढून डिसेंबरात गावी गेलेली आणि मग उन्हाळ्यापर्यंत हप्ते फेडत बसलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. त्यांनी तिकीट स्वस्तातच घेतलं होतं, पण तिकिटाबाहेरचा खर्च कोणी मोजला नव्हता. माझ्यासारख्या ज्या मराठी मुलींचं सासर आफ्रिकेत आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे शेजारी-सहकारी दरवर्षी या विवंचनेत असतात त्यांच्यासाठीही, ही यादी. लागोस किंवा डकारला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

तर आधी वही. युरोपातून आलेल्या माणसाला घानात ‘बोर्गा’ म्हणतात, आणि त्याच्याकडे पैसे असतातच अशी सगळ्यांची समजूत असते. सासूबाई, थोरले काका, नवऱ्याचे शाळेतले मित्र, चर्चमधल्या बायका, शेजारची मुलं, सगळेच आशेनं बघतात. म्हणून तीन रकाने करा: ज्यांच्या हातात पैसे द्यायलाच हवेत ते, ज्यांना एखादी वस्तू पुरेल ते, आणि ज्यांना जाऊन भेटणं हेच देणं आहे ते. पहिल्या रकान्यात सासूबाईंच्या बरोबरीनं त्यांना सांभाळणाऱ्या नणंदेचं नाव असलंच पाहिजे. वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या तिनंच केलेल्या असतात. मग एकूण आकडा काढा आणि तो थोरल्या नणंदेला किंवा दिराला निघण्याच्या कितीतरी आधी फोनवर सांगा: ‘आम्ही एवढे आणू शकतो, त्यात कसं बसवायचं ते तुम्ही सांगा.’ कोणाला डावललं तर मन दुखेल आणि कोणाला थोडं दिलं तरी चालेल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. असं विचारण्यात कमीपणा नाही. मोठेपणा दाखवायला उधार आणलेले पैसे वाटणं आणि मग वर्षभर घरी पाठवायची रक्कम कापणं, हे मात्र घरच्यांवर अन्याय करणारं आहे.

घरखर्चाला तिथे ‘चॉप मनी’ म्हणतात. चार माणसं तीन आठवडे राहणार म्हणजे तांदूळ, मासळी, गॅस, पिण्याचं पाणी आणि विजेचं प्रीपेड मीटर, सगळ्याचा भार वाढतो. ही रक्कम पोचल्याच्या दिवशीच, घर चालवणाऱ्या बाईच्या हातात एकदम द्या. रोज थोडे थोडे दिले की तिला रोज मागावे लागतात, आणि आपलाही हिशेब राहत नाही.

दुसरा मोठा खर्च सांगून येत नाही. कुमासीकडच्या अशांती नावाच्या समाजात, ख्रिस्ती घरांत, अंत्यविधी फार मोठा असतो. मृत्यूनंतर आठवड्यानं सगळे जमतात आणि मुख्य विधीची तारीख जाहीर होते. तो बहुधा शनिवारी असतो. पुष्कळदा तो काही आठवडे, कधी काही महिने पुढे ठेवतात, त्याचं एक कारण परदेशातल्या मुलांना येता यावं हेही असतं. म्हणून बातमी आली की त्याच रात्री मिळेल त्या दरात तिकीट काढू नका. आधी आठवड्याच्या बैठकीची वाट बघा, आणि त्या बैठकीपूर्वीच दिरांना आपल्या सुट्ट्यांच्या तारखा कळवा. घरचे शक्य तेवढं सांभाळून घेतात. विधीला घालायचं काळं-लाल कापड तिथेच घ्या आणि तिथल्याच शिंप्याकडे शिवा. विधीत द्यायच्या मदतीला ‘न्सावा’ म्हणतात. ती चारचौघांत पुकारली जाते, त्यामुळे रकमेबद्दल नवरा-बायकोनं आधी बोलून घ्यावं. घरात वयस्कर माणसं असतील तर या प्रवासाचे पैसे दर महिन्याला वेगळे काढा आणि सहलीच्या पैशात मिसळू नका. आमच्या इथल्या घानाच्या बायका ‘सुसू’ चालवतात, अगदी आपल्या भिशीसारखी. तिकीट काढायच्या महिन्यात आपला नंबर लागेल असं आधीच बोलून ठेवलं की क्रेडिट कार्डाला हात लावावा लागत नाही.

आता तारखा. डिसेंबरच्या मध्यात जाणं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतणं, याहून महाग काही नाही. सगळा युरोप त्याच दिवसांत घानाच्या राजधानीकडे, अक्राकडे, निघालेला असतो, आणि तिथे टॅक्सीपासून खोलीच्या भाड्यापर्यंत सगळं वाढलेलं असतं. शाळेत जाणारी मुलं नसतील तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंतचे दिवस खिशाला सगळ्यात बरे. नोव्हेंबरही चांगला. मुलं असतील तर शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन आहे. नेदरलँड्समध्ये शाळा चालू असताना मुलांना परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो, आणि स्वस्त तिकिटातून वाचलेले पैसे त्यातच जातात. अशा घरांनी उन्हाळी सुट्टीकडे बघावं. ऑगस्टमध्ये आफ्रिकेत मुलं होरपळतील ही भीती काढून टाका. ऑगस्ट हा अक्रातला वर्षातला सगळ्यात थंड महिना असतो. नेदरलँड्समध्ये उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू होतात, त्यामुळे आपल्या भागाची सुट्टी लागल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघालं तरी फरक पडतो.

तिकीट शोधताना फक्त स्किपॉल, म्हणजे ॲमस्टरडॅमचा विमानतळ, बघू नका. तिथून केएलएमचं थेट विमान आहे, पण ब्रुसेल्स रेल्वेनं गाठता येतं. लिस्बन, कासाब्लांका, इस्तंबूल किंवा अदिस अबाबात विमान बदलणारे मार्गही बघावेत. अदिसचा मार्ग लांबचा आहे, लहान मुलांना दमवतो. तुलना करताना सामान धरूनच दर मांडा, कारण घरी जाणाऱ्याला प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा लागतातच आणि सगळ्यात स्वस्त तिकिटात त्या असतील याची खात्री नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा: पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या. वेगवेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रवासाला, कंपनी कुठलीही असो, संघाचा भरपाईचा नियम लागू होतो. एवढ्या लांबच्या प्रवासात तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तो कंपनीला टाळता येण्याजोगा होता, तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. परत येताना तो नियम फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू असतो. दोन तिकिटांच्या दरात थोडाच फरक असेल तर निवड करताना हे ध्यानात घ्या.

कागदपत्रांत सगळ्यात आधी युरोपातल्या वास्तव्याच्या कार्डाची मुदत बघा. परतीच्या तारखेला ते चालू हवं. मग सगळ्यांचे पासपोर्ट. आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन निघणार असतील तर दुसऱ्या पालकाचं सही केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत सोबत ठेवा. विमानतळावरचे डच सीमा पोलीस ते विचारू शकतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या सुनेला घानाचा व्हिसा लागतो. तो हेगच्या दूतावासातून काढायचा आणि निदान दोन महिने आधी त्याच्या मागे लागायचं. घाईचं शुल्क हा पूर्णपणे टाळता येणारा खर्च आहे.

यानंतरचा भाग आरोग्याचा, आणि इथे कृपा करून काटकसर करू नका. पिवळ्या तापाची लस घानात शिरायला सक्तीची आहे. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य होतं. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे लशीच्या नोंदीचं जुनं पिवळं पुस्तक जपून ठेवलं तर हा खर्च पुन्हा करावा लागत नाही. आपल्या लोकांसाठी यात आणखी एक बाब आहे. कुमासीहून थेट पुण्याला किंवा नागपूरला माहेरी जायचा बेत असेल तर घाना सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे हे प्रमाणपत्र लागतंच. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. भारतातून आई-बाबा आपल्यासोबत घानाला येणार असतील तर त्यांना ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिथली वेळ लवकर घ्या.

मलेरियाबद्दल मी प्रत्येक घरात वाद घालते आणि घालत राहीन. ‘मी तिथेच वाढलो, मला काही होत नाही,’ असं नवरे म्हणतात. लहानपणी वारंवार झालेल्या मलेरियानं जी प्रतिकारशक्ती येते ती कायमची नसते. काही वर्षं युरोपात राहिलं की ती उतरते. युरोपात जन्मलेल्या मुलांना तर ती मुळातच नसते. युरोपात बाहेरून येणाऱ्या मलेरियाच्या रुग्णांत मोठा वाटा पर्यटकांचा नाही, तर नातेवाइकांना भेटून परतलेल्या आपल्यासारख्यांचा असतो. घानातला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा आहे, जो काही दिवसांत जिवावर बेततो. म्हणून डॉक्टरांकडून प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे गोळ्या लिहून घ्या. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. तिच्या ब्रँड नसलेल्या गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात. औषधांच्या दुकानात तसं स्पष्ट विचारा. गरोदर असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीटच काढू नका. मच्छरदाणी तिथे घ्या आणि निघताना घरीच ठेवून या. डच मूळ आरोग्यविम्यासोबत पूरक विमा असेल तर लशी आणि गोळ्यांचे पैसे पूर्ण किंवा काही प्रमाणात परत मिळू शकतात. पावत्या फेकू नका. प्रवास विमा युरोपापुरता आहे की जगभराचा, हेही एकदा वाचा.

सामानाचं बघू. बायल्मरमधून सामान भरलेली निळी पिंपं जहाजानं घानातल्या तेमा बंदराला जातात. पिंप पाठवायचं तर निघण्याच्या दोन-अडीच महिने आधी पाठवा, आणि ठरवतानाच विचारा की घरपोच आहे की तिथे जकात आपल्या माणसाला भरावी लागेल. तसं न विचारल्यानं दिराला कामधंदा सोडून तेमाला जावं लागलेली घरं आहेत. माझं मत असं की पिंपात तांदूळ, तेल, साबण भरून पाठवण्याचे दिवस गेले. कुमासीच्या केजेतिया बाजारात हे सगळं मिळतं, आणि तिथे घेतलं तर पैसे तिथल्याच बायकांच्या हाती जातात. पिंपात जावं ते चांगले बूट, शाळेची दप्तरं, बिछान्याच्या चादरी आणि मुलांचे तोकडे झालेले पण धड कपडे.

पैशांचं थोडक्यात. सगळी रक्कम नोटांत नेऊ नका. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर युरोपीय संघाबाहेर जाताना आणि आत येताना ती जाहीर करावी लागते. थोडे युरो सोबत घ्या, बाकी नणंदेच्या मोबाइल मनी खात्यावर आधी थोडे थोडे पाठवा. पाठवणारी कंपनी निवडताना शुल्काबरोबर सेदीचा, म्हणजे घानाच्या चलनाचा, दरही बघा. शून्य शुल्क सांगणारे दरात कापतात. म्हणून शेवटी हातात किती सेदी पडतात एवढंच विचारायचं.

अक्रात उतरल्यावर कुमासीसाठी विमान आहे, पाऊण तासाचं. रस्ता साधारण अडीचशे किलोमीटरचा, बसनं पाच-सहा तास लागतात. एकटं असाल तर एसटीसी किंवा व्हीआयपी या कंपन्यांची बस उत्तम. चार माणसं आणि आठ बॅगा असतील तर ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी आधी ठरवा, भाव फोनवर पक्का करा, आणि रात्री या रस्त्यानं निघू नका. विमान रात्री पोचत असेल तर अक्रात एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि पहाटे निघा.

परतीच्या बॅगेत सासूबाई काय काय भरतील याची कल्पना द्या, नाहीतर त्यांनी मायेनं बांधलेलं स्किपॉलला टाकून द्यावं लागतं. मांस आणि दुधाचे पदार्थ चालत नाहीत. रानातल्या प्राण्यांचं मांस तर अजिबात नको. ताज्या फळांत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं प्रमाणपत्राशिवाय आणता येतात; आंबा नाही. यामचे कंदही तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय येत नाहीत. शितो ही सुक्या मासळीची झणझणीत चटणी, शिया बटर आणि कोको पावडर मात्र आनंदानं आणा. बाटल्या मोठ्या बॅगेत ठेवा, झाकणावर चिकटपट्टी लावा.

घरी पोचल्यावर मलेरियाच्या गोळ्यांचे उरलेले सात दिवस पूर्ण करा. मुलांच्या गोळ्या शाळेच्या डब्याशेजारी ठेवल्या की विसरत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत कोणालाही ताप आला तर फ्लू समजून झोपून राहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आपण घानाहून आलो आहोत आणि मलेरियाची तपासणी आजच हवी आहे.